खर्जाच्या खाली

लिअँडर पार्डीने माळ्याच्या तळाला भोक पाडलं
तेव्हा शिडी मी धरली होती.
एप्रिल. खाडीत बर्फाचे तुकडे
अजून एकमेकांना ढुशा देत होते.
तो म्हणाला, स्पीकर बसवतोय.
मी म्हटलं, पंखा दिसतोय.
"पंखाच आहे."

सव्वीस वर्षं त्याने
न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून
समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं दुरुस्त केली.
पातं किती कललं की यंत्र उचलतं,
किती कललं की बसतं,
हे त्याच्या मनगटाला डोळ्यांआधी कळतं.
इथेही तेच. पाच पाती, मोटर एकाच वेगाची.
पाती सपाट असली की नुसती फिरतात,
हवा जागची हलत नाही,
रिकाम्या डेऱ्यात रवी फिरावी तशी.
मग तारेतून आवाज येतो, पाती जराशी कलतात
आणि खोलीभर हवा माळ्यावर ओढली जाते,
उलट कलतात, ती खाली लोटली जाते,
सेकंदाला दहा वेळा, चार वेळा,
हवं तर एकदाच.

कागदाच्या शंकूला हे झेपत नाही, तो म्हणाला,
पुढे-मागे धावून त्याला धाप लागते.
खर्जाच्या खाली उतरायला
पायरीच नसते त्याच्याकडे.

पहिल्या रविवारी गाव जमलं.
त्याने मालवाहू जहाज लावलं.
ऐकू काहीच आलं नाही,
पण चहात वर्तुळं उठली,
गार्लंड बटची कवळी तोंडातल्या तोंडात बोलू लागली,
आणि ड्रुसिला पोटाशी हात धरून बाहेर गेली,
म्हणाली, देवा, मी पुन्हा सातव्या महिन्यात आहे.
आम्ही हसलो. केक संपला. घरी गेलो.

नोव्हेंबरात मी त्याची करवत परत द्यायला गेले.
दिवा बंद. छताशी नुसता पात्यांचा धूसर गोल.
तो बूट न काढता बसलेला.
मला म्हणाला, बैस, बोलू नकोस.

थोड्या वेळाने पडदा आत ओढला गेला.
चुलीतली ज्योत एका अंगाला झुकली.
विमान उतरताना होतं तसं
माझ्या कानांत काहीतरी अलगद दाबलं गेलं
आणि सुटलं.
कोपऱ्यात झोपलेल्या टॅन्सीने,
चौदा वर्षांची, निम्मी बहिरी कुत्री,
मान वर केली,
शेपटी दोनदा आपटली,
आणि लंगडत दारापाशी गेली.
दार बंद होतं.
तिने फटीला नाक लावलं.
मग आमच्याकडे पाहिलं.

तेव्हा त्याने सांगितलं.
दोन हिवाळ्यांपूर्वी, घर किती गळतं ते पाहायला,
पिठाच्या डब्यामागे त्याने हवेचा दाब टिपणारं यंत्र ठेवलं होतं.
अकरा दिवस.
त्यात धुराड्यातला वारा आहे, एक वादळ आहे,
आणि थर्झा आहे.
तिचा आवाज नव्हे. आवाज ते यंत्र टिपतच नाही.
तिचं दार उघडणं आहे:
हातात अंडी, म्हणून आधी कमरेने एक धक्का,
मध्ये जरा थांबणं,
मग सगळं दार एकदम.
दार उघडलं की घर एक श्वास घेतं, लिअँडर म्हणाला,
आणि प्रत्येक माणसासाठी वेगळा घेतं.

"टॅन्सी रोज उठते?"

"पहिल्यांदा नाही उठली.
टेबलाखाली जाऊन कण्हत बसली.
तारा उलट जोडल्या होत्या मी.
कुणी येत नव्हतं. जात होतं."

चूल फुरफुरली. तो उठून मोटरीकडे गेला.
पाती थांबायला फार वेळ लागतो.
तेवढ्यात मला उगाच आठवलं
की मघाशी मी आत आले, खरीखुरी, दारातून,
तेव्हा कुत्रीने डोळासुद्धा उघडला नव्हता.

निघताना मी दार बेताने ओढून घेतलं,
जणू आत कुणीतरी मोजत होतं.
घरी पोचल्यावर पाहिलं,
करवत हातातच होती.